फनी, मनी, मनी

देवेंद्र सर वर्गात शिरले तेव्हा रोझलीन टीचर जमिनीवर मांडी घालून झाडूला लाडू भरवत होती. झाडू खरा होता, लाडू मातीचा. "झाडूनं खाल्ला लाडू," असं तिनं म्हटलं की समोरची सव्वीस पोरं ओरडायची, "लाडूला लोटतो झाडू," आणि हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची.

एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. चार वर्षांच्या मुलाला 'यमक' हा शब्द सांगून काय कळणार? त्याच्या हातात वस्तू द्यायची. तिच्याकडे जुन्या गोधडीची शिवलेली एक मोठी पिशवी होती. मुलानं तीत हात घालायचा, न बघता चाचपून एक वस्तू बाहेर काढायची, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि चटईवरच्या पसाऱ्यातून तिची जोडी शोधून आणायची. वाटी निघाली तर पाटी. सुई निघाली तर रुई. होडी निघाली की सगळे घोडीकडे धावत. चुकलं तर चुकलं. दोन्ही वस्तू कानाशी धरून नावं पुन्हा म्हणायची आणि ऐकायचं. पावसाळा संपेपर्यंत पोरांच्या कानांना अशी चटक लागायची की डबा खातानाही ती भाताला हाताची आणि केळ्याला खेळाची जोडी लावत बसायची.

देवेंद्र सर विरारहून यायचे. संस्थेच्या सहाही शाळांचे शिशुवर्ग तपासायला त्यांना याच वर्षी नेमलं होतं. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. त्या दिवशी ते मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, टॅब मांडीवर घेतला आणि म्हणाले, "चालू द्या मॅडम. मी नाहीच असं समजा."

प्रियलचा नंबर आला. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली पोरगी, साडेचार वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंड असं की झोपेतच काय ते बंद राहत असेल. तिनं खांद्यापर्यंत हात पिशवीत घातला आणि लाकडी फणी बाहेर काढली.

"फनी!"

मग ती चटईवर गेली. आधी तिनं कापडाची मांजर उचलली. ती वर्गाची मनी, सगळ्यांची लाडकी. "फनी, मनी!" पोरांनी टाळ्या पिटल्या. प्रियल परत यायला वळली आणि मध्येच थांबली. तिची नजर पसाऱ्यातल्या लाल मण्यावर गेली होती. तिनं तोही उचलला, आणि जे सापडलं ते एवढं मोठं होतं की तिचा आवाजच फाटला. "टीचर! आजून एक! फनी, मनी, मनी!"

एका वस्तूला दोन जोड्या. एकोणीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. पाचूबंदरच्या घरांत ण बोलतच नाहीत. तिथं पाणी म्हणजे पानी, फणी म्हणजे फनी, आणि मणीही मनीच. त्या घरातल्या कानाला तिन्ही शब्द तंतोतंत जुळत होते. रोझलीनचे हात टाळीसाठी वर उठले होते.

"एक मिनिट," देवेंद्र सर म्हणाले.

ते उठून प्रियलसमोर उकिडवे बसले. "बाळा, हे काय आहे?"

"फनी."

"फणी. म्हण बघू."

"फनी."

"अशी जीभ वर वळव. टाळूला लाव. ण. ण. माझ्या तोंडाकडे बघ."

प्रियलनं बघितलं. तिनं जीभ वळवली, तिरकी केली, शेवटी बाहेर काढली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, आणि दर वेळी वर्ग जरा जास्त हसला. पुढे तर पोरांनी "ण, ण, ण" असा तालच धरला. सर रागावले नाहीत, हसतच होते. त्यांनी तिच्या हातातली मांजर हळूच काढून घेतली आणि बाजूला ठेवली. "ही फणीशी जुळत नाही. ही मनी आहे. हा मणी. दोन वेगळे शब्द. हो की नाही, टीचर?"

प्रियलनं रोझलीनकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

"सरांचं ऐक, प्रियल," रोझलीन म्हणाली.

पोरीनं फणी आणि मणी दोन्ही पिशवीत टाकले आणि जागेवर जाऊन बसली.

वर्ग सुटल्यावर सरांनी टॅबवरचा तपासणीचा तक्ता पुढे केला. प्रियलच्या नावापुढे लिहिलं होतं: 'ध्वनींची जाण कमी. उच्चारदोष. पुन्हा छोट्या शिशूत बसवावे.'

"तुमचे काही आक्षेप?"

"नाही सर," रोझलीन म्हणाली.

घरी पोचेपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हातातली भाजीची पिशवी तिनं ओट्यावर अशी आदळली की दोन टोमॅटो फुटले. तिचे वडील, सायमन, ओटीवर जाळं सांधत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बोटीवर जाणं सुटलं होतं, पण हाताला काम लागायचंच. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. रोझलीननं त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. त्या माणसाला काय अधिकार? ज्या पोरीचा कान वर्गात सगळ्यांत तिखट, तिलाच बहिरी ठरवतो? आणि हसत हसत!

सायमननी गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "मंग तू काय बोल्लीस?"

रोझलीननं पिशवीतली भाजी काढायला घेतली.

"काय बोल्लीस?"

"सरांचं ऐक, असं म्हणाले मी."

"मंग राग कोनाचा करतेस?" ते म्हणाले, आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

त्यांच्या तोंडून एवढी वाक्यंही तिनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. त्याचं कारण तिला ठाऊक होतं. आजवर ती ते वयावर ढकलत आली होती. बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर उभी राहून ती 'पानी' म्हणाली होती आणि चाळीस मुली खो खो हसल्या होत्या. महिनाभर आरशासमोर उभं राहून तिनं ण घोटला. ण आला, आणि त्याच्याबरोबर एक ताठाही आला. एका दुपारी जेवताना सायमन म्हणाले, "पानी दे." तेव्हा तांब्या हातातच धरून ती म्हणाली होती, "पाणी म्हणा, पप्पा. पा-णी." सायमन उठले, स्वतः ओतून प्यायले. त्यानंतर तिच्यासमोर ते कमीच बोलायचे. तांब्याकडे बोट दाखवायचे.

म्हणजे देवेंद्र सरांनी वर्गात जे केलं ते तिनं घरात, स्वतःच्या बापाला, तेवीस वर्षांपूर्वीच केलं होतं. हे मनात आलं तसा तिला स्वतःचा एवढा संताप आला की फुटलेले टोमॅटो तिनं हातानंच चिरडून कढईत टाकले.

प्रियल दुसऱ्या दिवशी आली ती तोंड शिवल्यासारखी. पिशवी पुढे केली की हात मागे घ्यायची. खडू हवा असला तर बोट. लघवीला जायचं असलं तर दाराकडे बोट. रोझलीननं तिला मांडीवर घेतलं, तिच्याशी मुद्दाम पाचूबंदरच्या बोलीत बोलून पाहिलं. पोरगी तिच्याकडे संशयानं बघत राहिली. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी शनिवार होता. रोझलीन मासळी घ्यायला बंदरावर गेली. बोटी लागल्या होत्या, लिलाव ऐन भरात होता, टोपल्यांभोवती बायकांची झुंबड उडाली होती. त्या गर्दीतून प्रियलची आजी मर्सी हिचा आवाज आला, आणि तो आवाज वाऱ्यावरून पलीकडच्या बोटीत ऐकू जाईल असा होता.

"ये टीचर! हिकडं ये!"

रोझलीन गेली. मर्सी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझे पोरीला काय केलं तुमी?"

"मर्सीबाय, मी शाळेनंतर घरी येणारच होते..."

"घरी नको येऊ. इथंच सांग. पोरगी घरात पन बोलत नाय आता. पानी मागायला बोट दाखवते, बोट! काल मी तिला विचारलं, मुकी झालीस काय गं? तर मला म्हनते, आजी, तू चुकीचं बोलतेस, तू पन गप बस." मर्सीचा आवाज तिथं चिरकला, आणि चिरकला म्हणून तिला आणखी राग आला. "साठ वर्षं मी या तोंडानं मासळी विकली. पाच पोरं वाढवली. आनी आता हे तोंड चुकीचं?"

लिलाव करणारा थांबला होता. बायका बघत होत्या.

"तू कोनाची गं?" मर्सी म्हणाली. "आमचीच ना? सायमनची ना? का नाय तू?"

रोझलीननं रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली. ती मासळी न घेता परतली.

सोमवारी ती थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली. हेमांगी मॅडम शेजारच्या होळी गावच्या. घरची वाडी, भाजीचा मळा, स्वतः एम.ए., बी.एड. बाई वाईट नव्हत्या, पण संस्थेच्या कार्यालयातून फोन आला की खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसायच्या.

"प्रियलचा शेरा काढून टाका, मॅडम."

"तो माझ्या हातात नाही, रोझलीन. सर तज्ज्ञ आहेत. आणि एकट्या प्रियलचा कुठे आहे? नऊ मुलं आहेत." त्यांनी यादी पुढे सरकवली.

रोझलीननं नावं वाचली. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा. रायन, ॲंजेला, प्रियल... नऊच्या नऊ बंदरावरची. फ्लॅटमधलं एक नाही, बँकेतल्या साहेबाचं एक नाही.

"ही यादी बघितलीत तुम्ही?"

"बघितली की."

"पत्ते बघितलेत?"

हेमांगी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, उद्या लिहायची वेळ येईल तेव्हा शुद्ध लागणारच ना? आपण त्यांचं भलंच बघतोय."

"तुम्ही आईशी फोनवर बोलता तेव्हा दार का लावून घेता, मॅडम?"

"काय?"

"मी बाहेरच्या बाकावर असते. ऐकू येतं. तुमच्या घरची बोली. इतकं गोड बोलता तुम्ही तेव्हा, आणि दार लावून! मीही तेच केलं जन्मभर. माझ्या बापाचं तोंड मी बंद केलं. आता या पोरांचं नाही करणार."

हेमांगी मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. "बाहेर जा, रोझलीन."

ती बाहेर गेली. पण शुक्रवारच्या पालकसभेला पाचूबंदरच्या नऊही घरांनी यावं म्हणून ती घरोघर फिरली. मर्सीनं तिला दारातच उभं ठेवलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते. पन तू तिथं गप बसलीस तर बघ."

सभेला हॉल भरला होता. देवेंद्र सरांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. पुढच्या वर्षी खेळणी विकत आणायची, छापील चित्रं आणायची, 'जुन्या वस्तूंचा पसारा' बंद करायचा, असं ते सौम्यपणे सांगत होते. शेवटी म्हणाले, काही मुलांना आणखी एक वर्ष छोट्या शिशूत ठेवणं त्यांच्याच हिताचं आहे. त्यांच्या पालकांना पत्र मिळेल.

रोझलीन उठली. तिनं गोधडीची पिशवी नेऊन सरांच्या टेबलावर उपडी केली. वाट्या, होडी, सुईची डबी, फणी, मांजर सगळं खडखडत पसरलं. एक मणी घरंगळत खाली गेला.

"सर, तुमच्या तक्त्यातला तिसरा प्रश्न वाचून दाखवा."

"मॅडम, ही वेळ..."

"वाचा."

सरांनी हेमांगी मॅडमकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या. सरांनी टॅब उघडला. "मूल शब्द ऐकून, शेवटचा आवाज जुळणारी वस्तू उचलते का?"

"ऐकून म्हटलंय ना? वाचून नाही. साडेचार वर्षांच्या पोरीनं तिच्या घरात ऐकलेला शब्द ऐकला आणि वस्तू उचलली. एक नाही, दोन उचलल्या. या शाळेत आजवर कुणाला दोन सापडल्या नव्हत्या. तुम्ही लिहिलंत, ध्वनींची जाण कमी."

"शब्द चुकीचा होता, मॅडम. प्रमाण उच्चार..."

"माझ्या घरी पानीच म्हनतात," रोझलीन म्हणाली. त्या इमारतीत, मोठ्या माणसांसमोर, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "माझा बाप पानी म्हनतो. ही मर्सीबाय पानी म्हनते. त्या पान्यावर जाऊन मासळी आनतात ती मानसं. तुमचा ण मी शिकवीन. मला आला, पोरांनाही येईल. ती लिहायला लागली की महिन्याचं काम आहे. पण तुम्ही पोरीचं तोंड बंद केलंत. ते परत कधी उघडेल? त्याचा रकाना कुठे आहे तुमच्या तक्त्यात?"

"मी कुणाचं गाव बघून शेरा लिहिलेला नाही," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर गेला. "मला माहीतही नव्हतं कोण कुठलं."

"तेच ना! माहीतच नव्हतं. आणि नऊ पोरांच्या नावापुढे दोष लिहून मोकळे झालात. नऊच्या नऊ बंदरावरची!"

तेव्हा हॉल उसळला. मागून कुणाचा तरी बाप ओरडला, "कोनती नऊ? वाचा नावं!" मर्सी खुर्चीवरून उठून सरळ टेबलापाशी आली. तिनं फणी उचलून सरांच्या नाकासमोर धरली. "सांग, काय हाय हे? फनी हाय. हिनं माझे नातीचे केस विंचरते मी. तू येतोस विंचरायला?" कुणी हसलं नाही. देवेंद्र सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी टॅब बंद केला आणि ते खाली बसले.

हेमांगी मॅडम उठल्या. पदर सारखा केला. "पत्रं जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "नऊही मुलं वरच्या वर्गात जातील. संस्थेला मी उत्तर देईन." एवढंच. माफी त्यांनीही मागितली नाही, सरांनीही नाही.

आठवड्यानं रोझलीनला मेमो आला. वरिष्ठांचा सभेत अपमान, शिस्तभंग, लेखी खुलासा करावा. तिनं खुलासा दोन ओळींत लिहिला: घडलं ते खरं आहे, मला पश्चात्ताप नाही. त्या वर्षीची पगारवाढ रोखली गेली. देवेंद्र सर अजूनही येतात, मात्र दाराशी उभे राहून जातात. बहुधा तेही रागानं जळत असतील. तिला त्याची पर्वा नाही.

घरात मात्र तिला काही जिंकता आलं नाही. सभेनंतर तिनं सायमनना मुद्दाम विचारलं, "पप्पा, पानी देऊ?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मानेनंच नको म्हणाले. तेवीस वर्षांचं मौन एका शब्दानं सुटेल असं तिला वाटलं होतं, याचाच तिला नंतर राग आला.

जूनमध्ये शाळा उघडली. मोठा शिशूही रोझलीनकडेच होता. प्रियल यायची, बसायची, सगळं ऐकायची. ओठ बंद. रोझलीन तिला काही विचारायची नाही. विचारायचं नाही, हेच आता तिला जमवावं लागत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पोरं घसरगुंडीवर होती. फ्लॅटमधला उमंग, अंगानं दांडगा, रांग मोडून पुढे घुसला. प्रियल शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. तिला त्यानं कोपरानं ढकललं. ती पडली नाही. तिनं दांडा धरला, वळली, आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "ये! माझा नंबर हाय! दिसत नाय काय तुला? मागं हो! आधी मी, मंग ती, मंग तो, मंग तू! कोन समजतोस स्वतःला?"

उमंगनं रोझलीनकडे धाव घेतली. "टीचर, ती बघा ना कशी बोलते!"

"ऐकलं मी," रोझलीन म्हणाली. "बरोबर बोलते ती. मागे जा."

प्रियल थांबलीच नव्हती. चार महिन्यांचं साठलेलं सगळं त्या शिडीवर उभं राहून ती उमंगवर, रांगेवर, घसरगुंडीवर काढत होती. तिचा चेहरा तापला होता, वेण्या उडत होत्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाकीचे वर्ग आत गेले. रोझलीन दाराला टेकून उभी राहिली आणि पोरीचं भांडून होईपर्यंत तिनं कुणालाही आत बोलावलं नाही.